ऋतिकाला केटी लागली!

पोरगी कॉलेजात कशी शिकवावी, हे अख्ख्या पळसदरीत एकाच माणसाला कळत होतं आणि तो माणूस म्हणजे गजा! हे मत खुद्द गजाचंच होतं. पण तो ते इतक्या मोठ्याने सांगत फिरायचा की हळूहळू गावालाही तसंच वाटायला लागलं होतं.

गजा टेंपो चालवायचा. घराण्यात दहावीच्या पुढे कुणी पाऊल टाकलं नव्हतं, आणि त्याची लेक ऋतिका मात्र खालापूरकडच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती! कॉलेजाने ऑगस्टमध्ये पालकांची सभा बोलावली, तेव्हा गजा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत हजर. सभेचा विषय होता, 'पाल्याला आधार कसा द्यावा'. गजा आधार कार्डाच्या तीन झेरॉक्स घेऊन गेला होता. तिथे पोचल्यावर कळलं, हा आधार वेगळा! पण गडी डगमगला नाही. व्याख्यान द्यायला आलेल्या बाई तासभर जे बोलल्या ते त्याने झेरॉक्सच्या पाठीवर उतरवून घेतलं आणि घरी येऊन फर्मान काढलं.

"आजपासून या घरात मार्क, निकाल, पास, नापास, यातला एक शब्द काढायचा नाय! पोरीवर दडपन येतं. काय विचारायचं नाय, नुसतं बघायचं. वागन्यात फरक दिसला की आधार द्यायचा. समजलं?"

"आनि आधार म्हंजी नक्की द्यायचं काय?" त्याच्या बायकोने, वनिताने विचारलं.

"ते फरक दिसल्यावर बघू!"

गजाची आई सोनुबाई, तिची तर फार पंचाईत झाली. एकदा ती बिचारी "दूध नासलं" म्हणायला गेली, तर 'ना' ऐकताच गजाने डोळे वटारले!

आणि फेब्रुवारीत फरक दिसला. ऋतिका जेवेना. आवडीची सुकट समोर ठेवली तरी भाकरीचा तुकडा चिवडत बसायची. हाक मारली की दचकायची. मोबाईल घेऊन घराच्या मागे जाऊन बसायची. विचारायची सोय नव्हती, नियम गजानेच केलेला! तो नुसता बघत राहिला. बघून बघून त्याचीच भूक मेली.

रविवारी दुपारी तो घरामागे पेंढ्याच्या उडवीआड टेंपोच्या ताडपत्रीची घडी घालत होता. उडवीच्या पलीकडे ऋतिका फोनवर बोलत होती, तिच्या वर्गातल्या सुरभीशी.

"हो गं सुरभी, मला पन केटी लागली! एक नाय, दोन! तुला तीन? अगं बाई! आपल्या वर्गात चाळीस जनांना लागलीय!"

गजाच्या हातातली ताडपत्री गळून पडली.

"इंटर्नल बरं हाय गं माझं, बाहेरच्यातच गेले. त्यात ती एम-थ्रीची लय बेकार. तो सीनियर कमलेश, त्याला चार वर्षं झाली, अजून निघत नाय! नाय गं, घरी कसं सांगू? बाबांना कळलं तर उभ्या जागी कोसळतील."

बाबा कोसळलेच होते. मागे उडवी होती म्हणून उभे दिसत होते, एवढंच.

गजाने तडक शेजारच्या पोशाचं घर गाठलं. पोशाने एकेकाळी खोपोलीत औषधांच्या दुकानात तीन महिने खोकी उचलली होती, तेव्हापासून गाव त्याला अर्धा डॉक्टर समजायचं. उरलेला अर्धा तो स्वतः समजायचा.

"पोशा, केटी म्हंजी काय रं?"

'मला माहीत नाही' हे वाक्य पोशाच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. "केटी? कोनाला झाली?"

"हाय एक ओळखीचं."

"मग लांब रहा त्येच्यापासून! टीबी आयकलीस ना? त्येच्या वरची!"

"वरची?"

"तर! तूच बघ ना. करोना, कावीळ, कांजन्या, क्यान्सर. 'क'वरनं सुरू होनारं एक तरी बरं दुखनं सांग मला!"

गजाने जिवाच्या आकांताने विचार केला. "कंबरदुखी?"

"ती बरी आसती व्हय? तुझ्या आईला इचार!"

"आनि एम-थ्री?"

"ती तिची जात. एम-वन, एम-टू, एम-थ्री." पोशाने गंभीरपणे तीन बोटं दाखवली. "थ्री म्हंजी तिसरी स्टेज."

गजा घरी कसा आला त्याचं त्यालाच ठाऊक नाही. गोठ्यात नेऊन त्याने वनिताला सगळं सांगितलं. वनिताने पदराचा बोळा तोंडात कोंबला. पोरगी शिकावी म्हणून आपणच हट्टाने तिला तिकडे धाडली आणि तिथेच तिला हे चिकटलं, या विचाराने गजाच्या काळजाचं पाणी पाणी झालं. पण सभेत बाई म्हणाल्या होत्या, पाल्यासमोर घाबरून जाऊ नका. तेव्हा असं ठरलं की पोरीला काही बोलायचं नाही, नुसता आधार द्यायचा!

संध्याकाळपासून आधार सुरू झाला. ऋतिकाचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण वेगळं. सोनुबाईने मीठमिरच्या ओवाळून दृष्ट काढली. वनिता तिच्याकडे बघायची आणि डोळे पुसायची. गजा तर तोंडाला रुमाल बांधूनच "जेवलीस का बाळा?" म्हणाला. ऋतिकाने वेगळं ताट पाहिलं, रुमाल पाहिला. कळलं! यांना सगळं कळलं! दोन विषय गेले म्हणून घरच्यांनी आपल्याला वाळीत टाकलं!

सोमवारी दुपारी सव्वाएकच्या मिनीडोर रिक्षाने जायचं म्हणून ती दप्तर घेऊन निघाली, तर दारात गजा आडवा.

"आज कॉलेज नाय. पडून रहा."

ऋतिकाचे डोळे भरून आले. "बाबा, तुमाला कळलं?"

"कळलं."

"चुकलं माझं, बाबा. आधीपासून काळजी घेतली असती तर लागली नसती."

"असं नको बोलू गं! चाळीस जनांना लागली, त्यात तुझी काय चूक?"

ऋतिका चकितच झाली. बाबा एवढे समजूतदार? "मग मला जाऊ द्या ना! आज शेवटचा दिवस हाय!"

गजाने चौकट धरली. "शेवटचा... दिवस?"

"चार वाजेपर्यंतच हाय. त्याच्यापुढं कोनाच्याच हातात काय नाय, असं सर म्हनाले."

आतून वनिताने असा हंबरडा फोडला की गोठ्यातली गाय उभी राहिली! सोनुबाई देवघराकडे धावली. गजाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं! वीस वर्षांच्या पोरीकडे तीन तासही नव्हते!

"मग उभी काय हायस! बस टेंपोत!"

टेंपो असा सुटला की कोंबड्या रस्ता सोडून झाडावर गेल्या. पण घाईचं आणि नशिबाचं कधी जमलंय? अर्ध्या वाटेत पुढचं चाक बसलं. गजाने ते बदललं, पण काढलेले नटबोल्ट गवतात घरंगळले, ते शोधण्यातच तासभर गेला.

"लवकर, बाबा!"

"नेतो गं बाळा, नेतो! धीर सोडू नको!"

पुन्हा टेंपो सुरू झाल्यावर ऋतिकाला वाटलं, असा बाप मिळायला भाग्य लागतं. गजा मात्र दर खड्ड्याला तिच्याकडे बघत होता. किती शांत बसलीय! लहानपणी हिला मांडीवर घेऊन हाच टेंपो चालवला होता. त्याला समोरचा रस्ता पाण्यातून दिसायला लागला.

"पावनेतीन झाले, बाबा!"

गजाने हुंदका दिला आणि गिअर टाकला.

खालापूरच्या अलीकडे ऋतिका "सरळ घ्या" म्हणत असताना त्याने टेंपो वळवला आणि थेट एका दवाखान्याच्या दारात उभा केला. ऋतिकाने त्याचा पांढराफटक चेहरा पाहिला. तिला वाटलं, बाबांनाच काहीतरी होतंय! परीक्षेचा फॉर्म गेला खड्ड्यात म्हणत तीच त्याचा दंड धरून आत घेऊन गेली. आता कोण कुणाला आणतंय हेच कळेना!

केसपेपरच्या रांगेत अर्धा तास गेला. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "नाव?"

"ऋतिका," गजा म्हणाला.

"काय होतंय?"

गजाने मागच्या रांगेकडे पाहिलं, तोंड खिडकीजवळ नेलं. "केटी लागलीय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "किती?"

"दोन."

"कुठल्या विषयाला?"

"विषय?" गजा गोंधळला. "छातीचा असंल."

ऋतिकाने कपाळावर हात मारला. एका क्षणात तिला सगळा उलगडा झाला. वेगळं ताट, मीठमिरच्या, तोंडाचा रुमाल! "अहो बाबा! केटी म्हंजी नापास! मी दोन विषयांत नापास झालेय, त्यातलं एम-थ्री म्हंजी गनित! परत परीक्षा द्यायचा फॉर्म भरायचाय, त्याची आज शेवटची तारीख हाय! नाय भरला तर पुढच्या वर्षाला बसू देनार नायत!"

गजाने तिचे दोन्ही खांदे धरले. "म्हंजी... तू मरनार नायस?"

"फॉर्म गेला तर मरीन!"

"नापास!" गजा तिथेच मटकन बसला आणि हसत हसत रडायला लागला. "आई गं! नुसती नापास! ओ मावशी, पोरगी नापास झाली माझी!" रांगेतल्या मावशींनी नातवाला त्याच्यापासून जरा लांब घेतलं.

"मला तीन होत्या," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "सुटतात. पळा आता, साडेतीन वाजले!"

चारला पाच कमी असताना कॉलेजच्या खिडकीत फॉर्म गेला. पालकाची सही हवी होती. गजाने एवढी जोरात केली की खालच्या दोन कागदांवरही उमटली!

"वाईट वाटून घेऊ नका हां," क्लार्क म्हणाला. "दोनच विषय राहिलेत."

"वाईट कशाला? दोनच गेले, बाकी सगळी पोरगी शाबूत हाय!"

टेंपो परतीच्या रस्त्याला लागला. मग गजाच म्हणाला, "मला सांगायचंस ना गं."

"तुमी विचारलं असतं तर सांगितलं असतं, बाबा. रोज वाट बघत होते, आज विचारतील, उद्या विचारतील."

गजाला हे फार लागलं.

घरी पोचले तर अंगणात ही गर्दी! पोशाने 'ओळखीचं' म्हणजे कोण ते बरोबर ओळखलं होतं आणि गावभर सांगितलंही होतं. कोंडाण्याहून गजाची आत्या अंबाबाई पेशंटसाठी पिशवीभर मोसंबी घेऊन आली होती. सोनुबाई मधोमध बसून रडत होती. ऋतिका आपल्या पायांनी उतरलेली बघून दोघी जणी तर किंचाळल्याच!

गजा टेंपोच्या पायरीवर चढला. "रडायचं बंद करा! पोरगी ठनठनीत हाय! नुसती दोन विषयांत नापास झालीय!"

अंबाबाईने मोसंब्यांची पिशवी हळूच स्वतःकडे ओढली.

"नापास? किती पडले गं?"

"एकात सत्तावीस," ऋतिका म्हणाली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "एकात अकरा."

"कितीपैकी?"

"ऐंशी."

"अकरा?" हा आवाज गजाचा होता. तो पायरीवरून खाली उतरला. "ऐंशीपैकी अकरा?"

आणि इतका वेळ नुसत्या घाबरण्यावर तग धरून असलेला तो बाप तिथेच अंगणात आडवा झाला! वनिता पाणी घेऊन धावली. पोशा नाडी शोधत मनगट सोडून कोपर चाचपू लागला. पेशंटसाठी आणलेली मोसंबी शेवटी गजालाच भरवावी लागली. सोलून द्यायला ऋतिकाच उशाशी बसली होती.