रिॲक्टला कौल

"काकू, वेबसाइट म्हणजे दोन दिवसांचं काम. कशात करायची तेवढं ठरलं की झालं," असं विनीतने कमळाकाकूला ठणकावून सांगितलं, तेव्हा मार्गशीर्ष चालू होता. आता माघ संपत आला होता आणि ते अजून ठरत होतं.

काकूचा लांज्याजवळ काजूचा लहानसा कारखाना. शिमग्याला मुंबईहून आलेले चाकरमानी जाताना पिशव्या भरभरून काजू नेत आणि मग वर्षभर काकूचा नंबर शोधत बसत. म्हणून शिमग्याच्या आत वेबसाइट हवी, नाहीतर काम चिपळूणच्या हेतलकडे, असं काकूने बजावलं होतं. हेतल कॉलेजात विनीतच्याच वह्या उतरवून पास झाली होती. काम तिच्याकडे गेलं असतं तर विनीतला गाव सोडावं लागलं असतं.

तो सकाळी रिॲक्ट शिकायला बसे. दुपारपर्यंत कुठेतरी वाचायला मिळे, की शहाणी माणसं व्ह्यू वापरतात. दोन्ही म्हणजे वेबसाइट उभी करायचे तयार सांगाडे. दुपारी तो व्ह्यू शिके. संध्याकाळी तिसऱ्याच सांगाड्याचा मास्तर व्हिडिओत इतक्या पडेल चेहऱ्याने शिकवी, की निदान त्याच्या समाधानासाठी तरी तो शिकावा असं विनीतला वाटे.

"मेल्या, तुला ठरवता येत नाय ना?" काकू शेवटी म्हणाली. "मग देवाला विचारू."

विहीर कुठे खणायची, मुलगी कुठे द्यायची, हे गावात कौल लावूनच ठरतं. तरी विनीतला ही थट्टा वाटली. सोमवारी देवळात पंधरा माणसं जमलेली बघून त्याचं मत बदललं.

रावजी गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवली. जी आधी पडेल, तिच्या बाजूने देवाचा कौल.

"उजवी कोणाची?"

"रिॲक्टची. डावी व्ह्यूची."

"कुठचे हे?"

"परदेशातले."

"असूदेत." रावजीने गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा महाराजा, हे तुझं लेकरू विनीत तीन महिने घरात बसून हाय..."

"व्हय महाराजा!" पंधरा माणसं म्हणाली.

"काम काय करत नाय..."

"व्हय महाराजा!" या वेळी आवाज जास्त होता.

अर्धा तास गेला. एकही पाकळी हलली नाही. विनीतला फार बरं वाटलं. देवालाही ठरवता येत नव्हतं.

रावजीने डोळे मिटले. "मागचं कायतरी अर्धवट राहिलंय. ते पुरं केल्याशिवाय देव पुढचं सांगायचा नाय. काय राहिलंय?"

"कोर्स," विनीत पुटपुटला.

"किती?"

"सात."

"सात?" काकू मागून म्हणाली.

"त्यातला एक उघडलाच नव्हता."

"सगळ्यात पहिला कुठचा?" रावजीने विचारलं.

"साधं एचटीएमएल, वेबसाइटची बाराखडी. अकरावीतला."

"तो पुरा कर," रावजी म्हणाला, आणि पंधरा माणसं घरी गेली.

आता सुटका नव्हती. शेजारचा आत्माराम येता-जाता कुंपणावरून विचारी, "झाला काय रे देवाचा कोर्स?" तिसऱ्या दिवशी झाला. शेवटी सरावासाठी एक पान बनवायचं होतं. विनीतने त्यात काजूचा फोटो टाकला, खाली काकूचा नंबर टाकला आणि पान इंटरनेटवर चढवलं.

शिमग्याची पालखी काकूच्या दारात येईपर्यंत ते पान चाकरमान्यांच्या सगळ्या ग्रुपांत फिरून आलं होतं. काकूने पालखीची ओटी भरली तीसुद्धा ऑर्डरचा फोन कानाला लावून.

"ह्याच्यात तो रिॲक्ट कुठे बसवलास?" तिने नंतर विचारलं.

"लागलाच नाही."

काकूने फोन कमरेला खोचला. मग म्हणाली, "आता कोकमाची कर."

"दोन दिवसांचं काम," विनीत म्हणाला. "फक्त कशात करायची तेवढं..."

काकू आत गेली आणि नारळ आणून तिने त्याच्या हातात ठेवला.

"देवासमोर ठेव आणि सरळ परत ये. विचारू काय नको."