भाऊ गावकर आणि अर्ध्या किलोचा चाप

भाऊ गावकर आमच्या दाराची घंटा दाबतात तेव्हा ती कधी वाजेल हे कुणालाच सांगता येत नाही. भाऊंनासुद्धा नाही. बाहेर चपला सरपटतात, जाळीतून टक्कल दिसतं, पण घंटा नाही. बायको म्हणते, "अहो, भाऊ आलेत." मी म्हणतो, "वाजू दे की आधी." भाऊ डोळे मिटून, बोटाच्या पेराने बटण हळूहळू दाबत असतात. मग ती एकदम वाजते आणि बाहेर भाऊच दचकतात. दचकले की खूश.

"बघ शेट, माका कळलाच नाय कधी वाजली ती! पिस्तूल असाच सुटाक व्हया."

दिव्याचं बटण असो, टीव्हीचा रिमोट असो, तीच तऱ्हा. माझ्या मेव्हण्याच्या इमारतीत त्यांना लिफ्टच्या बटणाला हात लावू देत नाहीत. मागे रांग लागते.

भाऊ लालबागला आमच्याच मजल्यावर राहतात. गिरणीत ते साच्यांचे, म्हणजे मागांचे, फिटर होते. संप झाला, गिरणी पुन्हा उघडलीच नाही, आणि भाऊ दादरच्या एका नेमबाजी क्लबात कागदी लक्ष्यं लावायच्या कामाला लागले. फिटरला स्क्रू दिसला की हात शिवशिवतो. बघता बघता क्लबातली सगळी छऱ्याची पिस्तुलं चाप जुळवायला भाऊंच्या घरी येऊ लागली.

मी त्या क्लबात गेलो माझ्या रागामुळे. फुटपाथवर कटपीस विकत विकत मी हिंदमाताला साड्यांचं दुकान उभं केलं, ते काही गोड बोलून नाही. रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, डोकं शांत ठेवणारा खेळ खेळा. बुद्धिबळात मी पट उधळला. मग पिस्तूल उरलं.

या खेळाचा एक नियम आहे. पिस्तूल नळी वर करून धरायचं, चापाला अर्ध्या किलोचं वजन अडकवायचं आणि उचलायचं. वजन जमिनीवरून सुटलं आणि चाप तरी पडला नाही, तर पिस्तूल पास. चाप त्यापेक्षा हलका चालत नाही. जड चालतो, पण जड चाप ओढताना हात हलतो आणि नेम जातो. म्हणून प्रत्येकाला तो बरोबर अर्ध्या किलोवर हवा असतो.

भाऊ ते काम पूजेसारखं करायचे. स्क्रू फिरवायचा, वजन टांगायचं, डोळे मिटून चाप ओढायचा, तोंड वाकडं करायचं. "कचकचता हा." पुन्हा स्क्रू. एकदा क्लबातल्या एका वकिलाने विचारलं, "भाऊ, स्क्रू नक्की किती फिरवलात?"

"वाईच."

"वाईच म्हणजे किती?"

"माका काय इचारतंस? बोटाक विचार."

मागच्या निवड स्पर्धेत मी एका गुणाने हुकलो. एका गुणाने! वर्षभर ते माझ्या घशात अडकलं होतं. चाप जड वाटतो म्हणून मी दहादा सांगितलं होतं, आणि भाऊंनी दहादा माझ्याच बोटाला बोल लावला होता. यंदाची निवड रविवारी होती. शुक्रवारी मी दुकानाशेजारच्या वाण्याकडून अर्ध्या किलोचं माप आणलं आणि पिस्तुलाला टांगलं. चाप पडला नाही. वर पन्नास ग्रॅमचं माप बांधलं. तरी नाही! मी साडीच्या पदराला एक सूत जास्त देत नाही, आणि हा माणूस मला प्रत्येक गोळीला पन्नास ग्रॅम जादा ओढायला लावत होता.

तसाच भाऊंच्या घरात शिरलो. घंटा दाबली नाही.

"भाऊ, तुमचं वजन खोटं आहे!"

"बस. चाय घेतंस?"

"चहा गेला खड्ड्यात. वजन दाखवा."

त्यांनी दिलं. लोखंडी, साधं. मी ते उलटं केलं. मापाच्या बुडाला शिशाची बारकी टिकली असते. इथे शिशाचा फुगीर गोळाच ठोकून बसवलेला होता.

"हे कुणी भरलं?"

"हिरान."

हिराबाई म्हणजे भाऊंची बायको. शीव कोळीवाड्याची. वारली त्याला आता बरीच वर्षं झाली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती सुकी मासळी विकायची. ताजी मासळी वाट्यावर जाते, सुकट-जवळा तागडीवर. मी आयुष्यात भावात फक्त तिच्याशी हरलो. चार आणे कमी कर म्हटलं की टोपली झाकायची.

"जाळ्याचा शिसा हा," भाऊ म्हणाले. "संपात ठोकलान. मूठभर सुकट वरसून घातली तर गिरणीवाल्यांच्या बायका परत टाकीत. 'आम्ही भिकारी नाय गो' म्हणत. मग हिरान मापच जड केलान. भाव सोडूक नाय, भांडान विकी. कुणाक कळला नाय."

मला भाव करताना कधी संशय आला नव्हता, याचाच मला आधी राग आला.

"आणि तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्याच पिस्तुलाक बोटाक कळला."

"मग दुसरं वजन आणायचं!"

"सून भंगारवाल्याक देय होती ह्या. मी म्हटलंय, कामाचा हा. कामातली वस्तू कोण भंगारात घालीत नाय." एवढं बोलून त्यांनी हात पुढे केला. "तुझा बरोबर हा, शेट. आण तुझा वजन. जुळवून देतंय. क्लबात पण सांगतंय सगळ्यांक."

त्यांनी वाण्याच्या मापावर चाप जुळवला. मी ओढून बघितला. मलाच कळलं नाही कधी सुटला ते.

"क्लबात सांगायचं नाही," मी म्हणालो.

"कित्याक?"

"माझा हलका झाला. बाकीच्यांचे राहू देत जड. तुम्ही त्यांना हेच वजन लावत राहा. रविवारी निवड आहे माझी."

भाऊंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग पोट धरून हसले. "मेल्या, हिरा असती तर तुका दारात उभो करूक नसती!"

हसू ओसरल्यावर त्यांनी तिचं वजन बनियनने पुसलं आणि नाकाशी धरलं.

"आधी सुकटीचो वास होतो हेका," ते म्हणाले. "आता नुसतो तेलाचो."

मी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि हुंगलं. पिस्तुलाचं तेल, दुसरं काही नाही. गिऱ्हाइकाला सुती साडी रेशमी म्हणून दाखवताना माझा चेहरा जितका सरळ असतो, तितका मी ठेवला.

"वास येतो की अजून," म्हणालो. "बुडाकडे बघा. शिशात राहिलाय."

भाऊंनी वजन परत घेतलं, उलटं केलं, डोळे मिटले आणि नाकाशी नेलं.