पराग दादाचे दहापैकी साडेतीन

हातातलं काम जरा बाजूला ठेवा, कारण हे मला आत्ता, ह्या मिनिटाला सांगायचंय. उद्या सांगितलं तर मी विचार करून सांगेन, आणि विचार करून सांगितलं की सगळी वाट लागते.

आमच्या वर, चौथ्या मजल्यावर, पराग दादा राहतो. (नाव बदललंय. मजला तोच आहे.) वय बेचाळीस, अंधेरीला विम्याच्या ऑफिसात नोकरी, लग्न नाही. हा माणूस घरातून निघताना बरोबर आठ वस्तू घेऊन निघतो. मोजून आठ. किल्ली, फोन, पाकीट, पास, रुमाल, छत्री, पाण्याची बाटली, ॲसिडिटीच्या गोळ्या. नववी वस्तू आली की आठातली एक तो समोरच्याला देऊन टाकतो. एकदा आईने त्याला जिन्यात गाठून घावण्यांचा डबा दिला, तर ह्याने डबा घेतला, म्हणाला, "जागा नाही," पाण्याची बाटली आईच्या हातात ठेवली आणि खाली उतरून गेला! आई बाटली धरून तशीच उभी. मला म्हणते, "ह्येचा डोक्या फिरला काय गो?"

फिरलंय. आणि त्याला कारण आहे. पराग दादा कॉलेजात असताना जे भुताचे व्हिडिओ गेम आले ना, जुने, क्लासिक, त्यात तुमच्या पात्राला आठच खिसे असायचे. बंदुकीच्या गोळ्या चार आणि भुतं चाळीस. कॅमेरा छताच्या कोपऱ्यात खिळा ठोकल्यासारखा एका जागी, त्यामुळे पुढे काय आहे ते दिसायचंच नाही. मारामारी करायची नाही, फक्त जीव वाचवायचा. म्हणून ह्याला म्हणतात सर्व्हायव्हल हॉरर. बाकीची पोरं ते गेम खेळून मोठी झाली. पराग दादा खेळून तिथेच राहिला. अजून कुणाच्या घरी गेला की आधी दारात थांबतो, चारही कोपरे बघतो, मगच चप्पल काढतो.

आणि हा समीक्षक आहे! त्याचं एक पान आहे इंटरनेटवर, तिथे तो मराठीत भुताच्या गेमांवर लिहितो. प्लस, मायनस आणि खाली दहापैकी मार्क. वाचणारे पुष्कळ आहेत, आणि सगळे त्याला घाबरून असतात, कारण सहाच्या वर त्याने आजवर कुणाला दिलेले नाहीत. त्याचं आवडतं वाक्य एकच. "आधी झालंय." नवीन गेम आला? आधी झालंय. सोसायटीच्या गणपतीला गुहेचा देखावा केला? आधी झालंय. खालच्या मजल्यावर बारसं होतं, सगळे टाळ्या वाजवतायत, बाळाचं नाव आरव ठेवलं, आणि हा पेढा खात खात म्हणतो, "आधी झालंय, बी विंगमध्ये." बाळाची आजी अजून त्याच्याशी बोलत नाही. सत्यनारायणाच्या प्रसादालाही त्याने एकदा गुरुजींसमोर मार्क दिले होते. प्लस, तूप. मायनस, बेदाणे मोजके. अरे, प्रसाद आहे तो!

तर आता माझा संबंध. मी आणि माझा मित्र ओंकार, आम्ही दोघांनी मिळून दोन वर्षं घासून एक गेम बनवला. कोड त्याचा, चित्रं आणि आवाज माझे. नाव 'पॅकअप'. मढला समुद्राकाठी एक बंगला, शूटिंगला भाड्याने देतात तसला. शूटिंग संपतं, युनिट निघून जातं आणि एक मेकअप असिस्टंट मुलगी आत अडकते. बंगल्यात एक मेलेली हिरॉईन फिरते, तिला अजून एक टेक हवाय. ती मागून येते आणि कानात म्हणते, "वन मोर." मस्त ना? कॅमेरे जुन्या गेमसारखे एका जागी, कारण ते शूटिंगचेच विसरलेले कॅमेरे. खिसे आठ. दारं हळूहळू उघडणारी. आणि सेव्ह करायला एकच जागा, मेकअप रूम. तिथे हिरॉईन येत नाही. आरशासमोर बसायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा बाहेर पडायचं.

गेम बाहेर आला आणि लोकांनी आम्हाला सोलून काढलं.

एकाने लिहिलं, "कॅमेरा बिघडलाय, दुरुस्त करा." अरे बाबा, तो तसाच आहे! दुसरा दारांवरून म्हणे, "एवढ्या वेळात तर आमच्या बँकेचं शटर उघडतं." तिसऱ्याने लिहिलं की त्याला भीती वाटली नाही, झोप लागली, आणि खाली 'धन्यवाद' लिहिलं. चौथा गेम न खेळता म्हणाला की ही जुन्याची कॉपी आहे. हो, जुन्यावरून सुचलंय, आम्ही स्वतःच तसं लिहिलंय, पहिल्या ओळीत! पण पहिली ओळ वाचायची कुणी?

मग पराग दादाचं आलं. आपल्या बिल्डिंगमधली पोरगी, लहानपणापासून बघितलेली, थोडं तरी सांभाळून लिहील असं वाटलं होतं. दहापैकी साडेतीन. तो अर्धा कशाचा ते ब्रह्मदेवाला ठाऊक. प्लस एकच होता, "आवाज." बस, एक शब्द. मायनस मात्र पाच पानं. "दारं मढची नाहीत. मढच्या बंगल्याची दारं खाऱ्या हवेने फुगतात, खालून घासतात. ही दारं कांदिवलीची आहेत." "हिरॉईन फार वेळा दिसते. भूत रोज भेटलं की शेजारी होतं." शेवटाबद्दल, "आधी झालंय." आणि सगळ्यात मोठा मायनस, "मेकअप रूम. खेळाडू इथे पूर्ण सुरक्षित. बाहेरून घरगुती आवाज येत राहतात, माणूस इथे घाबरायचंच विसरतो. ही खोली गेमचा घात करते."

ते वाचून ओंकार दोन दिवस फोनवर आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो वेगळाच. "केतकी, बस झालं यार. लोक म्हणतात भीती नाही ना? देऊ भीती. मेकअप रूममध्ये पाच मिनिटांवर बसलं की दिवा जाणार आणि ती आत येणार."

"अरे, ती एकच जागा आहे जिथे..."

"सगळे तेच म्हणतायत. तुझा तो चौथा मजला पण."

मी म्हटलं, कर. झकास. होऊन जाऊ दे. शनिवारी अपडेट सोडायचं ठरलं.

त्यासाठी आम्ही टेस्ट कॉप्यांचे रेकॉर्ड उघडले. म्हणजे असं, गेम बाहेर यायच्या आधी काही जणांना कॉपी देतात, आणि कोण कुठल्या खोलीत किती वेळ अडकलं ते आम्हाला दिसतं. देताना सगळ्यांना सांगितलेलं असतं. पराग दादालाही एक दिली होती. त्याचं रेकॉर्ड मी मुद्दाम उघडलं, खोटं का बोलू. आणि खुर्चीतून उडाले.

आमचा गेम सहा तासांत संपतो. पराग दादाचे एकसष्ट तास. आणि शेवटचं दार? एकदाही उघडलेलं नाही. एकदाही! शेवट न बघता शेवटावर शेरा मारला ह्याने! आणि एकसष्टपैकी पंचावन्न तास कुठे? मेकअप रूममध्ये. जिला शिव्या घातल्या तिथेच बसून! महान समीक्षक, सगळ्या महाराष्ट्राला घाबरवणारा, भुताला घाबरून आरशासमोर लपून बसलेला!

इतका आनंद मला बारावीच्या निकालालाही झाला नव्हता. ओंकारला फोटो पाठवला. त्याचं उत्तर, "टाक टाक टाक." मी पोस्ट लिहिली. वर रेकॉर्डचा फोटो, खाली, "घाबरट समीक्षकाला दहापैकी शून्य." नुसतं बटण दाबायचं बाकी होतं. पण मला आधी त्याचं तोंड बघायचं होतं. संध्याकाळचे साडेसात झाले होते. लॅपटॉप काखेत मारला आणि वर पळाले.

दार उघडंच होतं. पराग दादा टीव्हीसमोर खाली बसून जेवत होता. ताटात आमटी, भात, लोणचं. रिमोट बाजूला टीपॉयवर. टीव्हीवर आमची मेकअप रूम, आरसा, वर फिरणारा पंखा, आणि त्या खोलीबाहेर कुठून तरी भांड्यांचा आवाज.

"दादा, तू शेवट बघितलायस?"

"नाही."

असं सरळ 'नाही' म्हणेल असं मला वाटलंच नव्हतं. मी आख्खं भांडण पाठ करून आले होते.

"मग लिहिलंस कसं आधी झालंय म्हणून?"

"चुकलं. खाली टीप टाकतो." त्याने भात कालवला. "शेवटचं दार उघडलं की ह्या खोलीत परत येता येत नाही. असं कुणीतरी लिहिलं होतं. खरंय ना?"

"खरंय. पण मग पंचावन्न तास करतोस काय इथे?"

"जेवतो."

टीव्हीतून ठण्ण झालं, आणि लगेच टण, बारीक. पराग दादाचा घास तसाच हातात राहिला.

"हा आवाज कुठे घेतलास तू, केतके?"

"आमच्या किचनमध्ये. गेम सुरू केला तेव्हा. खिडकीतून डक्टमध्ये माईक धरला होता, तिथे सगळ्या मजल्यांच्या किचनचे आवाज येतात."

"तुमचा नाही तो, आमचा आहे. आत्ता दोनदा वाजलं ना? काठ चेपलेलं पातेलं आहे ते. उपडं ठेवलं की डोलतं, म्हणून दोनदा वाजतं. आईला किती वेळा सांगितलं टाक ते. नाशिकला जाताना पण घेऊन गेली."

काकू, म्हणजे पराग दादाची आई, गेल्या वर्षी धाकट्या मुलाकडे नाशिकला गेल्या. गुडघे संपले होते आणि आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. चार मजले त्यांना दोघांनी खुर्चीत बसवून उतरवलं होतं. ते मी गॅलरीतून बघितलं होतं आणि आत येऊन ओंकारशी दारांच्या रंगावर भांडले होते.

"मग फोन कर ना त्यांना."

"रोज करतो. फोनवर आई बोलते," पराग दादा म्हणाला. "भांडी घासत नाही."

मी लॅपटॉप उघडलाच नाही. पण सांगायला तर हवं होतं ना? सांगितलं. की शनिवारी अपडेट आहे, की पाच मिनिटं झाली की दिवा जाणार, ती आत येणार. "तूच लिहिलं होतंस, दादा."

त्याने लोणच्याची फोड ताटाच्या कडेला सारली.

"बरोबर आहे," म्हणाला. "गेमसाठी तेच बरोबर आहे. लिहिलंय ते मी खरं लिहिलंय. माझ्यासाठी काही ठेवू नका. करा."

"बरं."

मी दारापर्यंत पोचले तेव्हा त्याने विचारलं, "शनिवारी सकाळी की संध्याकाळी?"

खाली आले आणि पोस्ट पुसली. ओंकारला फोन लावला, मेकअप रूम बदलायची नाही म्हटलं. तो पेटलाच. "अगं ए, दोन दिवस झोपलो नाहीये मी त्या दिव्यापायी! कारण सांग!"

"कारण नाही."

"टीकाकारांचं ऐकायचं म्हटलं तेव्हा तूच 'कर' म्हणालीस ना?"

"दारांचं ऐकू. मढला जाऊन खरी दारं बघून येऊ. खोलीला हात नाही लावायचा. नाहीतर आवाज काढून घेते माझे, मुकाट गेम विक." अर्धा तास भांडलो. मी जिंकले, पण तो अजून 'हं' आणि 'ओके' एवढंच पाठवतोय.

पराग दादाने टीप टाकली. "शेवट न बघता लिहिलं होतं, क्षमस्व." मार्क मात्र साडेतीनच, मेल्याने पाव सुद्धा वाढवला नाही. खाली लोक त्याला धुतायत आणि तो सगळ्यांना एकच उत्तर देतोय, "तुमचं बरोबर आहे."

आज शनिवार. दुपारी अपडेट गेलं, खोलीला हात न लावता. मी पराग दादाला कळवलं नाही. काय कळवणार? मघाशी, साडेसातच्या सुमारास, मी आणि आई किचनमध्ये शेंगा सोलत होतो. वर टीव्ही लागला. पाच मिनिटं झाली. मी घड्याळच बघत होते. सहा झाली. सात. मग त्याने आवाज वाढवला असणार, कारण डक्टमधून खाली आलं, ठण्ण, आणि लगेच टण.

आईने हातातली शेंग थांबवली. वर बघितलं.

"वरच्या काकू इल्यो काय गो?"

मी शेंगा तशाच टाकून उठले, आतल्या खोलीत आले आणि तुम्हाला हे लिहायला बसले. खरं सांगा, तुमचं झालंय का असं कधी? कुणाचं तरी थोबाड फोडायला म्हणून जिना चढलात, आणि उतरताना त्याच्या बाजूने भांडायला लागलात?