सोनवणेकाकांचे ठेंगणे खांब

सोनवणेकाका लाकूड हुंगून घेतात. कॅनडातल्या आमच्या व्हिटबी गावातल्या लाकडाच्या यार्डात लोक टेप घेऊन येतात, काका नाक घेऊन येतात. खांब उभा करायचा, बोटाच्या पेरानं टकटक करायची, कान लावायचा, मग खाली वाकून दीर्घ श्वास घ्यायचा. "आतून ओला आहे. नेक्स्ट!"

काका आमचे शेजारी. वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर पुलांची डिझाइन्स केली. आता पूल नाहीत, म्हणून दिसेल त्या गोष्टीला ओळंबा लावतात. काकू गेल्यापासून एकटेच राहतात. खुर्चीत टेकत नाहीत. चहासुद्धा येरझाऱ्या घालत पितात आणि वर मलाच सांगतात, "शांतपणे करू, नितीन. शांतपणे!"

मार्चमधल्या वाऱ्यात आमच्या दोन बॅकयार्डमधलं कुंपण आडवं झालं. खांब जमिनीलगत कुजले होते.

"काका, कोणाला तरी बोलावू या," मी म्हटलं.

"तो दोन फूट खणेल आणि पळेल. इथल्या थंडीत जमीन फुगते, खांब वर ढकलते. चार फूट खाली जायलाच पाहिजे."

म्हणजे आम्हीच खणायचं होतं.

सलग तीन शनिवार आम्ही यार्डात गेलो. औषध मारलेला पाइन की सीडर, यावर काका स्वतःशीच भांडले आणि सीडर जिंकला. मग एकाला गाठी जास्त, दुसऱ्याला बाक, तिसरा "दिसायला बरा, पण भरवशाचा नाही." शेवटी यार्डातले सरदारजी हात जोडून म्हणाले, "अंकलजी, फेन्स बना रहे हो, बेटी का रिश्ता नहीं देख रहे!"

आठ खांब पास झाले. जमिनीखालून गॅसचा पाइप कुठून जातो त्याच्या खुणा करून घेतल्या, भाड्याच्या मशीननं खड्डे पाडले, तळाला खडी, वर काँक्रीट. पुढचे चार दिवस मी सकाळी पडदा सारला की काका खांबांभोवती फिरताना दिसायचे. एकदा तर खांबाला दरडावत होते, "हलू नकोस!"

आणि मग, फळ्या ठोकायच्या आदल्या दिवशी, त्यांनी करवत काढली आणि मधले दोन खांब कमरेच्या उंचीवर कापून टाकले.

मी धावत गेलो. "काका, हे काय केलंत?"

"वारा जायला वाट हवी."

दुसऱ्या दिवशी मानसीनं, माझ्या बायकोनं, विचारलं, तर म्हणाले, "ऊन येतं गं. टोमॅटोंना." टोमॅटो कुंपणाच्या पार दुसऱ्या टोकाला होते.

मला राग आला. सहा फुटी कुंपणाला मध्येच खिंडार, तेही नेमकं आमच्या किचनच्या खिडकीसमोर. "म्हाताऱ्याला आपल्या घरात डोकवायचंय," मी मानसीला म्हणालो. काकांनी तिथल्या फळ्याही तेवढ्याच उंचीच्या ठोकल्या. आठवडाभर मी त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोललो.

रविवारी दुपारी मानसी सिंकपाशी भांडी घासत होती. एकदम ओरडली, "नितीन! काका पडलेत!"

आम्ही अनवाणी धावलो. काका गवतात उताणे पडले होते. एक हात वर, दुसऱ्या हातात घड्याळ.

"किती वेळात दिसलो?" त्यांनी विचारलं. "मी दोन मिनिटं धरली होती."

मानसी त्यांच्यावर ओरडली. "काका, ही काय चेष्टा आहे का?"

काका उठून बसले. पँटवरचं गवत झटकत राहिले. मग खाली बघतच बोलले, "फेब्रुवारीत इथंच पडलो होतो. बर्फावरून घसरलो. पाऊण तास उठता येईना. हाका मारल्या, पण खिडक्या बंद. तुझ्या किचनचा दिवा फळ्यांच्या फटीतून दिसत होता मला."

"मग सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, सरेला, लेकीला कळलं असतं. ती दुसऱ्या दिवशी विमानानं आली असती आणि घर विकून मला कॉन्डोतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये ठेवलं असतं. तिचंही चुकत नाही म्हणा. पण हे घर आम्ही दोघांनी..."

मला त्यांच्याकडे बघवेना.

मानसी घरात गेली. सिंकसमोर उभी राहिली, खिडकी उघडली आणि तिथून हाक मारली, "काका, तुमच्या मागच्या दाराच्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहा बरं!"

काका गेले.

"आता बसा!"

काका बसले.

"नाही दिसत! डावीकडचा खांब आड येतोय. नितीन, करवत घे."