वडगाव रासाईची नमुना निवड

आपल्या संशोधनात चुकायला जागाच नाही, असं विनोद गायकवाडनं पीएचडीच्या मार्गदर्शक सरांना छातीठोकपणे सांगितलं होतं. विषय दणदणीत होता: ग्रामीण भागातील आंतरराष्ट्रीय उद्योजकता. म्हणजे गावात राहून परदेशात माल विकणारी माणसं कशी तयार होतात, याचा अभ्यास. साल २००३. शिरूर-दौंडकडची भेंडी विमानात बसून दुबईला जाऊन आली होती. विनोदची मजल मात्र अजून शिरूर-पुणे यष्टीपर्यंतच होती.

आधी त्यानं पोस्टानं प्रश्नावल्या पाठवल्या. एकच उत्तर आलं, आणि त्यात गृहस्थांनी युरियाचा भाव विचारला होता. मग त्यानं पद्धत बदलली. एका उद्योजकाची मुलाखत घ्यायची, त्यालाच दुसऱ्याचं नाव विचारायचं, दुसऱ्याला तिसऱ्याचं. पुस्तकात या पद्धतीला बर्फाच्या घरंगळत्या गोळ्याची उपमा दिली होती. शिरूरच्या उन्हात बर्फाचा गोळा फक्त सरबताच्या गाडीवर टिकतो, हे काही विनोदच्या ध्यानात आलं नाही.

पहिलं नाव मिळालं वडगाव रासाईच्या गोकुळचं. त्याची भेंडी यवतच्या व्यापाऱ्यामार्फत खरोखरच दुबईला जायची. विनोद पोचला तेव्हा गोकुळ माल घेऊन यवतला गेला होता. घरी होते त्याचे वडील मारुतराव, आजी भागुबाई आणि बहीण तेजश्री, जी यवतला कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची. विनोदनं जयभीम घातला, मी शिरूरच्या गायकवाडांचा, वडील एसटीत, अशी ओळख दिली आणि थेट प्रश्नावलीला हात घातला. जमीन किती? बागायती किती? भाऊ किती? घरात इंग्रजी कोणाला येतं? निर्णय कोण घेतं? नातेवाईक परदेशात आहेत का?

मारुतराव गोंधळून उत्तरं देत होते. भागुबाईंनी मात्र स्वयंपाकघरातून ऐकता ऐकता हिशेब जुळवला. कडक इस्त्रीचा शर्ट, आपल्यातलाच, शिकलेला, आणि शेताबांधाची चौकशी करतोय. त्यांनी पोहे भिजवले आणि लेकाला आत बोलावून सांगितलं, "पोरगं सोताच स्थळ बघाया आलंय. नव्या काळातलं हाय, लाजत न्हाई."

पोह्यांची बशी घेऊन तेजश्री बाहेर आली. विनोदला आणखी एक माहितीदार मिळाल्याचा आनंद झाला. त्यानं तिला जोखीम घ्यायला आवडते का ते विचारलं, आणि संधी आल्यास परदेशी जायची तयारी आहे का, तेही विचारलं. तिनं बशी त्याच्यापुढं ठेवली आणि माणूस बघून ठरवीन, म्हणाली. विनोदनं 'सावध वृत्ती' अशी नोंद केली.

उठताना त्यानं नेमानं विचारलं, अशी आणखी घरं कुठं आहेत? मारुतरावांचा चेहरा पडला. आमचं घर बघून झाल्या झाल्या दुसरी बघणार? तरीही त्यांनी नाइलाजानं चुलतभाऊ खंडूचं नाव सांगितलं. खंडूला दोन उपवर मुली होत्या.

विनोदच्या आधी बातमी खंडूकडे पोचली. मुलाला परदेशी व्यवहारवाली घरं आवडतात, एवढंच तिचं सार होतं. खंडूनं आपली वांगी लंडनला जातात म्हणून सांगितलं. त्यानं नाव सुचवलेल्या म्हस्कूचा कढीपत्ता जर्मनीला निघाला. गेणबाकडे दोनच शेळ्या होत्या, पण त्याच्याही दुधाला मस्कतहून मागणी आली. दर घरी पोहे होतेच. विनोद तुडुंब पोटानं आणि भरल्या वहीनं पुण्याला परतला आणि सरांना म्हणाला की आख्खं गावच निर्यातदार आहे.

सरांचे केस आकडेवारीतच पांढरे झाले होते. माहिती दुसऱ्या मार्गानं पडताळून बघावी लागते, मी स्वतः येतो, असं ते म्हणाले.

रविवारी सर विनोदला घेऊन मारुतरावांच्या दारात जीपमधून उतरले आणि वडगावची खात्रीच पटली, की मुलाकडचं वडीलधारं माणूस आलं. मारुतरावांनी त्यांना शाल दिली. गावात विद्येला अजून मान आहे म्हणून सर गहिवरले.

"मुलाचं काम मला पसंत आहे," ते बैठकीत म्हणाले. "फक्त एकदा खात्री करून घेतो."

"करा की," मारुतराव म्हणाले. "आमचं झाकायसारखं काय न्हाई. देणंघेणं मातर करणार न्हाई, आधीच सांगतो. विहारात साधं लगीन लावू."

सरांचा कप हवेतच थांबला. लग्न कुणाचं, असं त्यांनी हळूच विनोदला विचारलं. विनोदला ठसका लागला आणि चहा प्रश्नावलीवर सांडला.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. खंडूची वांगी लंडनहून शिरूरच्या मार्केट यार्डात परत आली. म्हस्कूचा कढीपत्ता त्याच्या परसात सापडला. गेणबा तर शेळ्यांचं निमित्त काढून उठूनच गेला. मारुतराव मान खाली घालून बसले. पाहुणे जमलेले, गावभर बोलणं झालेलं, लेकीचं नाव सगळ्यांच्या तोंडी. ते बघून विनोदला आपल्या पदवीची शरम वाटली. तो उठला आणि तेजश्रीपुढं हात जोडून माफी मागू लागला.

"माफी कशाला?" वडलांकडे बघत ती म्हणाली. "मी आबांना त्याच दिवशी नाही म्हणाले होते. त्यांना वाटलं, मी लाजतेय."

"का?" विनोदच्या तोंडून निसटलं. मागणी घातलीच नव्हती, तरी नकार झोंबला.

"एवढे प्रश्न विचारलेत, माझं नाव नाही विचारलंत."

"नाव विचारायचं नसतं," विनोद पुटपुटला. "गोपनीयता पाळावी लागते."

आधी भागुबाई हसल्या. मग सगळं घर, आणि शेवटी मारुतरावसुद्धा.

परतीच्या वाटेवर सरांनी निकाल दिला. सगळे नमुने रद्द. खरं घर एकच. त्याच एका घराचा सखोल अभ्यास करायचा. त्यासाठी वर्षभर वडगावला ये-जा करावी लागेल, घरातल्या माणसांत बसावं-उठावं लागेल. जमेल का?

जमेल, असं विनोद इतक्या घाईनं म्हणाला की सरांनी चष्मा काढून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"गायकवाड," ते म्हणाले, "अभ्यास गोकुळचा करायचा आहे."