पस्तीस टक्के राखिले, त्याची बखर

दिव्याच्या देवतेस दंडवत, आणि दिवा गेलियावर जी पाळण्यापाशी जागी बसते त्या माउलीसही दंडवत. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, कार्तिक शुद्ध सप्तमीस घाटमाथ्यावरील एका राज्यातून वीज नाहीशी जाहली, तेव्हां जे वर्तले ते येणेप्रमाणे.

राज्य लहान. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, पुढे अंगण आणि अंगणात पत्र्याची पागा. राज्याचे धनी चिन्मयराव कचेरीच्या मोहिमेवर समुद्रापार गेले होते आणि मागे तीन जीव होते. एक मातोश्री इंदुमतीबाई, ज्यांचा शब्द सारी आळी झेलीत असे. दुसऱ्या सूनबाई शर्वरीबाई, विज्ञान शाखेच्या पदवीधर, ज्यांची झोप मूल जाहले त्या दिवशी मोडली ती मोडलीच. आणि तिसरे युवराज नीलय, वय अकरा महिने. युवराज दोन महिने अगोदर जन्मास आले, सबब फुफ्फुसे कच्ची राहिली, आणि वैद्यांनी आज्ञा केली कीं नाकास नळी लावून प्राणवायूचे यंत्र अष्टौप्रहर चालवावे, खंड पडू देऊ नये. यंत्र विजेवर चाले, आणि त्या मुलखातली वीज म्हणजे माहेरवाशीण, आली म्हणेतो निघाली. म्हणोन धन्यांनी विजेवर चालणारी मोटार खरेदी केली. ती पांढरी होती, दाणावैरण मागत नसे, आणि तिचा मोठा गुण हा कीं घरची वीज गेली असता तिच्या पोटातली वीज एका तारेने घरात आणिता येत असे. मग धनी मोहिमेस निघताना पागेत उभे राहून बोलिले, "शर्वरी, एकच लक्षात ठेव. हॉस्पिटल खाली शहरात, सत्तर किलोमीटर. मागच्या वेळी येताना मी नीट मोजलंय, पस्तीस टक्के जातात. काही होवो, पस्तीसच्या खाली उतरू द्यायचं नाही. नाहीतर बाळाला घेऊन घाटात अडकशील." हे वाक्य शर्वरीबाईंनी कुलमंत्रासारखे जपले, आणि येताना लागले तितकेच जाताना लागतील काय हे कोणी पुसले नाही.

सप्तमीस दोन प्रहरी वादळ आले. आकाश काळवंडले, आणि वारा ऐसा सुटला कीं आळीतला गुलमोहर मुळासकट आडवा जाहला, आणि त्याने विजेचे दोन खांब सोबत नेले, आणि घाटात दरड उतरोन वाट बंद पडली. वीज कंपनीच्या ठाण्यावर विचारणा केली तो उत्तर आले, "उद्या." मोटारीच्या पोटी तेव्हां एक्याण्णव टक्के होते. बाईंनी तार जोडिली, यंत्र घुरघुरू लागले, आणि बाईंचा जीव ठिकाणी आला तो निमिषभरच. कारण त्याच क्षणापासून त्यांस दोन आकडे लागले. एक युवराजांच्या अंगठ्यास लाविलेल्या चिमट्यावरचा, तो ब्याण्णवाच्या वर असावा. दुसरा मोटारीचा. बाई खोलीत असता त्यांचे मन पागेत असे, आणि पागेत गेल्या तर मन खोलीत. राज्यात हुकूम फिरला कीं शीतकपाट बंद, पंखा बंद, मिक्सर बंद, दिवा एक. मातोश्रींनी चटणी पाट्यावर वाटिली आणि म्हणाल्या, "बरंच झालं, चव तरी येईल." अष्टमीस आकडा सत्तरावर आला. ठाण्यावरून उत्तर आले, "उद्या." नवमीस माध्यान्ही एकावन्न जाहले. बाईंनी बोटे मोजिली कीं नुसते यंत्र चालविले तर उद्याची सकाळ निघते, आणि तोवर घाट मोकळा होईल, होईलच, न होऊन कसे चालेल. दोन रात्री त्यांनी पाठ टेकिली नव्हती. भिंतीवरची पाल हालली तरी त्यांस वाटे कीं यंत्राचा सूर बदलला. तेव्हां मातोश्री बोलिल्या, "अगं, डोळे बघ तुझे, लाल झालेत नुसते. पड जरा. मी बसते बाळापाशी."

"आई, आकडा बघाल ना?"

"बघते गं. पाळण्यातलं मूल मीही वाढवलंय."

मग शर्वरीबाई पडल्या त्या तीन तास उठल्या नाहीत, आणि राज्य त्या तीन तासांत लुटले गेले.

ते कैसे, तर मातोश्रींचा एक जुना शिरस्ता होता. आळीत कोणी विरजण मागावयास वाटी घेऊन आले असता रिकामी वाटी परत जाऊ नये, घरात चमचाभर असेल तर त्यातले अर्धा चमचा द्यावे. चाळीस वर्षे हा शिरस्ता पाळिला म्हणोनच त्यांचा शब्द आळीत चाले. त्या दिवशी प्रथम शेजारच्या मालतीबाई दळवी आल्या. त्यांची कन्या रेवती नऊ दिवसांची बाळंतीण, ग्यास संपलेला, सरपण ओले. "वहिनी, गिझरपुरती तार द्याल का? पोरीला दोन दिवस ऊन पाणी नाही." मातोश्री विरघळल्या. मग पलीकडच्यांस टाकीत पाणी चढवावयाचे होते, मग कोपऱ्यावरल्या दुकानदाराची कुल्फीची पेटी पाझरू लागली होती, आणि मग मोबाइल घेऊन निम्मी आळी आली. मातोश्रींनी सर्वांस थोडे थोडे दिले आणि मनी समाधान पावल्या. युवराजांचा आकडा त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिला, त्यात कसूर केली नाही. मोटारीचा आकडा पाहावयाचा हे त्यांचे ध्यानी आले नाही.

बाई तीन वाजता दचकून जागल्या, पागेत धावल्या, तो आकडा सदतीस. भिंतीवरून तारा गेल्या होत्या, बोर्डास बोर्ड, त्यास आणखी बोर्ड, जैशा गनिमाने किल्ल्यास लाविलेल्या शिड्या. बाईंनी एकेक तार उपटिली. तिसरी उपटली तो भिंतीपलीकडून मालतीबाईंचे डोके वर आले.

"अगं ए, काय केलंस? तेल लावून बसलीय पोरगी, निम्मी अंघोळ झालीय!"

"काकू, आता नाही देता येणार."

"पाच मिनिटं गं!"

"पाच मिनिटंसुद्धा नाही."

"ओल्या बाळंतिणीला गार पाण्यानं न्हाऊ घालू? गेल्या वर्षी तू आडवी पडली होतीस, तेव्हा शेगडी कुणी आणून दिली रोज? विसरलीस?"

"नाही विसरले. पण माझं मूल नळीवर आहे, काकू."

"आणि आमचं काय दगडाचं आहे?" ऐसे बोलोन ते डोके भिंतीखाली गेले. मग आतून नवजात मुलीचे रडणे येऊ लागले, आणि ते थांबेना, आणि बाई तार हातात धरोन तैशाच उभ्या राहिल्या, परंतु तार परत जोडिली नाही. मातोश्री ओसरीवरून म्हणाल्या, "शर्वरी, अगं विरजण दिल्यानं कुणाचं दही संपलंय का आजवर?"

"आई, हे दही नाही. हे दिलं की संपतं. परत लागत नाही."

मातोश्रींचे तोंड उतरले. त्या पाळण्यापाशी जाऊन बसल्या.

सायंकाळी सहाचे सुमारास तेच घडले ज्याचे भय होते. यंत्र नीट चालत असता युवराजांचा आकडा उतरू लागला. नव्वद, मग अठ्ठ्याऐंशी, मग सत्त्याऐंशी. श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडू लागला, ओठांची लाली जाऊन राखेचा रंग आला, आणि मूल रडेना, आणि ते रडेना हेच बाईंस सर्वांत भयंकर वाटले. मोबाइलास एक रेघ मिळाली तीवर वैद्य बोलिले, "घेऊन या. आत्ता." तो दूधवाले दारावरून ओरडोन गेले, "ताई, घाट एका अंगानं मोकळा केलाय, पण आठ वाजता परत बंद करणारेत!" बाईंनी पागेत पाहिले. आकडा चौतीस. पस्तिसाखाली एक. न जावे तर मूल जाते, आणि जावे तर घाटात गाडी बंद पडोन मूल जाते, ऐसे राज्य दोहींकडून वेढले गेले. मग मातोश्रींनी युवराजांस शालीत गुंडाळिले आणि प्रवासासाठी राखिलेला प्राणवायूचा लहान सिलिंडर काखोटीस मारिला, ज्यात दोन तासांचा वायू होता, आणि स्वतः मागे जाऊन बसल्या व म्हणाल्या, "चल. बंद पडली तर मी पोराला घेऊन चालत उतरेन. काढ गाडी." आणि स्वारी निघाली.

वाटेत वाऱ्याने पाडलेल्या फांद्या, चिखल, आणि दिव्याच्या झोतात आडवा पाऊस. बाईंनी आतले वातानुकूलन बंद ठेविले, तेणेकरोन काचांवर वाफ धरली, ती त्या बाहीने पुसत आणि पुढे पाहात, आणि मग आकडा पाहात, आणि मग आरशात मातोश्रींच्या मांडीवर पाहात. पठारावरली वीस किलोमीटर वाट सरली तो अठ्ठावीस जाहले. अद्याप पन्नास किलोमीटर आणि सारा घाट पुढे होता. बाईंनी मनात भागाकार केला, तो पुरेल ऐसे निघाले, परंतु विश्वास बसेना, पुन्हा केला, पुन्हा बसेना. घाटाच्या तोंडाशी विजेरीवाला मनुष्य म्हणाला, "सावकाश जा, बाई, एका बाजूनं दरी आहे," जैसे काय बाईंस ते ठाऊक नव्हते. उतार लागला. बाईंनी आकड्याकडे पाहावयाचे सोडिले आणि दृष्टी वळणांवर ठेविली. "आई, बाळ?"

"आहे. छाती हलतेय." थोडे अंतर गेल्यावर मातोश्री पुढे वाकल्या. "अगं शर्वरी, मघाशी अठ्ठावीस होतं ना? आता एकोणतीस दिसतंय."

"नीट बघा, आई."

"चष्मा आहे मला. एकोणतीसच."

आणखी वळणे गेली आणि तीस जाहले, आणि पायथ्याशी एकतीस. तेव्हां शर्वरीबाईंचे ध्यानी आले कीं उतारावर ही गाडी वीज खात नाही, उलट चाकांतून पोटात भरून घेते. हे त्या पुस्तकात शिकल्या होत्या, परीक्षेत लिहिलेही होते, परंतु भयाने बुद्धीस कुलूप घातले होते. धन्यांनी मोजले ते घरी येताना, सारा घाट चढोन. जाताना इतके लागतच नव्हते.

इस्पितळाच्या दारी गाडी थांबली तेव्हां तेवीस होते. युवराजांस आत नेले, मोठी नळी लाविली, सुई दिली, आणि तासाभराने चिमट्यावर चौऱ्याण्णव आले आणि युवराज रडले, मोठ्याने रडले. बाई भिंतीस टेकोन खाली बसल्या. मातोश्रीही शेजारी फरशीवर बसल्या आणि बोलिल्या, "लागले किती शेवटी?"

"अकरा."

"म्हणजे त्या पोरीची अंघोळ झाली असती."

"झाली असती, आई."

"हं," म्हणाल्या मातोश्री, आणि सुनेच्या डोक्यावरून एकदा हात फिरविला, आणि तो दोष द्यावयास होता कीं धीर द्यावयास हे कळले नाही. इतुक्यात इस्पितळाचे दिवे मिटले, आणि अंगणातले जनित्र धडधडले तो दिवे पुन्हा लागले. सारे निर्धास्त होते. शर्वरीबाई मात्र उठल्या, पावसात पहारेकऱ्यापाशी गेल्या आणि पुसते जाहल्या, "दादा, ह्यात डिझेल किती तासांचं आहे?"

ऐसे हे वृत्त. युवराज पाचवे दिवशी बरे होऊन, मोटारीचे पोट शहरात पुरते भरोन, राज्यात परतले आणि वीज सहावे दिवशी आली. मालतीबाईंची भिंतीवरून हाक मात्र अद्याप आली नाही.