धावजी सशाचं अनवाणी संक्रमण

एका जंगलात सगळे प्राणी बूट घालून हिंडत असत. हसू नका. तुम्ही बूट घालता तेव्हा जंगलातलं कोणी हसत नाही.

पिल्लू जन्मलं की बाराव्या दिवशी त्याचं नाव ठेवायचं आणि लगेच पायांत बूट चढवायचे, अशी तिथली रीत होती. चार पाय, चार बूट. झोपतानासुद्धा कोणी ते काढत नसे. बूट लहान झाले की डोळे मिटून जुने काढायचे आणि डोळे मिटूनच नवे घालायचे. त्यामुळे स्वतःचे पाय कसे दिसतात, हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. हे बूट शिवायचा साळोजी नावाचा साळिंदर. सुया त्याच्या पाठीवरच उगवायच्या, म्हणून हा धंदा त्याने धरला होता.

ह्या जंगलात धावजी नावाचा ससा होता. तो सरकारी जासूद होता. जासूद म्हणजे निरोप घेऊन पळणारा. निरोप कसला, तेही सांगतो, मध्ये विचारू नका.

जंगलाचा राजा वाघ होता आणि तो कायद्याने चालणारा वाघ होता. शिकारीला निघण्याआधी तो नोटीस काढायचा. "आज महाराज शिकारीस निघत आहेत, रयतेने आपापली सोय पाहावी," असं वडाच्या पानावर लिहून, खाली पंजा उमटवून, ते पान धावजीला द्यायचा आणि घटकाभर गप्प बसायचा. तेवढ्या वेळात धावजीने नदीकाठची, करवंदीची, बांबूची आणि कातळावरची अशा चारही वाड्यांत नोटीस पोचवायची. मग जो तो झाडावर, बिळात, पाण्यात, जिथे जमेल तिथे लपायचा. महाराज सगळीकडे फिरून यायचे आणि म्हातारपणाने आपोआप पडलेल्या एखाद्या रेड्यावर भागवायचे. फार वाळले होते बिचारे. पण कायदा म्हणजे कायदा.

जासुदाच्या नोकरीबरोबर धावजीला एक बीळ मिळालं होतं. टेकाडावरचं, दोन दारांचं, पावसाचा थेंब आत न येणारं. तिथे धावजी, त्याची बायको सगुणा आणि अकरा पिल्लं राहत. नोकरी आहे तोवर बीळ, असं ठरलेलं होतं. सगुणाला नवऱ्यापेक्षा बिळाची काळजी जास्त होती, आणि मी तिला नावं ठेवणार नाही. अकरा पिल्लं घेऊन भर पावसात तुम्ही तरी कुठे गेला असता?

तर झालं असं, की धावजीचा गुडघा कुरकुरायला लागला. तो साळोजीकडे गेला. साळोजीने गुडघा दाबून पाहिला आणि तळवा जाड हवा असं सांगितलं. सावरीचा दोन बोटं कापूस भरून त्याने नवे बूट शिवले. गुडघा कुरकुरतच राहिला. मग चार बोटं कापूस झाला, मग वीतभर. त्या बुटांत धावजी उभा राहिला की त्याची नजर थेट कोल्ह्याच्या नजरेला भिडायची, आणि सशाच्या तब्येतीला ते बरं नसतं.

एके दिवशी धावजी नोटीस दातांत धरून करवंदीच्या वाडीकडे धापा टाकत निघाला होता. बाजूच्या गवतातून सर्रकन कोणीतरी पुढे गेलं. पावलांचा आवाज नाही की धाप नाही. पुढच्या वळणावर बघतो तर एक धामण ऊन खात पडली होती. ह्या धामणबाई जंगलात नव्यानेच आल्या होत्या आणि राहायला जागा शोधत होत्या.

धावजीने पान खाली ठेवलं आणि हात जोडले.

"बाई, आपण बूट कुठले वापरता?"

"मी नाही हो वापरत," धामणबाई म्हणाल्या. "जन्मात कधी वापरले नाहीत."

धावजीने भीत भीत गुडघ्यांचं विचारलं. गुडघ्याचा त्रास आपल्याला आजवर झालेला नाही, असं बाईंनी सांगितलं. आता ध्यानात ठेवा, बाई एक अक्षरही खोटं बोलल्या नव्हत्या. पण धावजीचे डोळे भरून आले. एवढी वर्षं आपण कापसात घालवली, असं वाटून तो तिथेच मटकन बसला. त्या दिवशी नोटीस जेमतेम वेळेत पोचली.

घरी येऊन त्याने सगुणाला सगळं सांगितलं. ती पाला निवडत होती.

"अहो, पण त्या बाईंना पायच नाहीत," ती म्हणाली.

धावजीने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तीच तर शेवटची पायरी आहे," तो म्हणाला. "अनवाणीपणा इतका अंगात मुरतो, की पायांचीसुद्धा गरज राहत नाही."

सगुणाने पुढे एवढंच विचारलं, की ह्या भानगडीत बीळ तर जाणार नाही ना. धावजी म्हणाला, आता मी वाऱ्यासारखा पळेन, तू बिळाचं सोड. तिने काही बीळ सोडलं नाही, पण बोलणं सोडलं.

धामणबाईंना शिकवायची हौस नव्हती. पण रोज सकाळी कोणी समोर येऊन बसू लागलं तर काहीतरी बोलावंच लागतं. नदीजवळच्या सपाट खडकावर त्यांचा वर्ग सुरू झाला. चाळीस दिवसांचा. धावजीच्या मागोमाग माकडं आली, भेकरं आली, रानडुक्कर आला, एक तरसही आलं. बेडूक मात्र वर्गाला कधी बसले नाहीत. त्यांची कारणं वेगळी होती.

पहिल्या दिवशी बूट काढून स्वतःचे पाय बघायचे होते. धावजीने पाहिले आणि त्याला हुंदका फुटला. पांढरेफटक, सुरकुतलेले, बोटं एकमेकांना चिकटलेली. बोटं किती आहेत तेही त्याने त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं, आणि दोन वेळा वेगवेगळं आलं. तो तसाच घरी गेला तर अकराही पिल्लं किंचाळून मागच्या दाराने पळाली. सगळ्यांत धाकट्याने आईला विचारलं, हे काका कोण.

दुसऱ्या दिवशी शरीराचं ऐकायला शिकवलं. सशाचे कान तुम्हाला माहीतच आहेत. धावजी एक कान गुडघ्याला आणि एक टाचेला लावून दुपारपर्यंत बसला. तिसऱ्या दिवशी रानडुकराने विचारलं, की पाऊल नेमकं कसं टाकावं. बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, मी तर टाकतच नाही. सगळ्यांनी ते लिहून घेतलं.

पुढे आठ दिवस नुसतं गवतावर उभं राहायचं, मग आठ दिवस चालायचं, मग रोज थोडी थोडी पावलं पळायची. ह्याला संक्रमण म्हणायचं. हा शब्द धावजीला इतका आवडला, की तो ऊठसूट तोच वापरू लागला. जेवायला उशीर का, तर संक्रमण चाललंय. पिल्लाला उचलून का घेत नाही, तर संक्रमणात वजन उचलत नाहीत. पोटऱ्या मात्र अशा भरून आल्या होत्या, की बिळाच्या दारात चढायला दोन पिल्लांना मागून ढकलावं लागायचं.

इकडे साळोजी तीन दिवस हात चोळत बसला. चौथ्या दिवशी त्याने अनवाणी बूट शिवले. पळसाच्या एका पानाचे, प्रत्येक बोटाला वेगळी पिशवी असलेले. बाभळीचे काटे टोचून टोचून धावजी कंटाळलाच होता. तो बूट घ्यायला गेला तर साळोजीने आधीच्या बुटांच्या दुप्पट रताळी मागितली.

"अरे, ह्यात आहे काय?" धावजीने विचारलं.

"काहीच नाही," साळोजी म्हणाला. "आधीच्या बुटांत कापूस होता. घालायला सोपा. इथे तो सगळा काढावा लागला."

हे धावजीला पटलं. आठवड्याभरात वर्गातल्या सगळ्यांना पटलं.

चौथ्या आठवड्यात व्हायचं ते झालं. धावजी नोटीस घेऊन बांबूच्या वाडीत पोचला, तेव्हा महाराज आधीच तिथे येऊन गेले होते. रानडुकराची अर्धी शेपटी गेली. जंगलाची सभा भरली. रानडुकराने उरलेली शेपटी प्रत्येकापुढे नेऊन दाखवली. पुन्हा एकदा नोटीस उशिरा पोचली तर जासुदाने बीळ खाली करावं, असं सभेने ठरवलं. सगुणा पिल्लांना पोटाशी घेऊन मागे बसली होती. ती रडली, आणि धावजीने आपल्या कानाने तिचे डोळे पुसले. पण आता सतराच दिवस राहिले होते.

अडतिसाव्या दिवशी सकाळी महाराजांचं बोलावणं आलं. चाळीस दिवस भरेपर्यंत शंभर पावलांपुढे पळू नये, असं बाईंनी बजावलं होतं. सगुणाने माळ्यावरून वीतभर कापसाचे जुने बूट काढून त्याच्यापुढे ठेवले.

"हे घाला, नाहीतर काही घालू नका, नाहीतर माझ्या पाठीवर बसा," ती म्हणाली. "पण आज वेळेवर पोचा."

संक्रमण मध्येच मोडलं तर पहिल्या दिवसापासून सुरू करावं लागतं, असं तिला समजावून धावजीने पळसाचे बूट घातले आणि तो गेला.

नदीकाठच्या वाडीत नोटीस पोचली. मग तो करवंदीच्या वाटेला लागला. मान ताठ, पावलं बारीक, टाच अधांतरी. शंभर पावलं झाली की थांबायचं, गुडघ्याला कान लावायचा, मग पुढची शंभर. बाराव्यांदा तो कान लावून बसला असताना त्याला कोणाचा तरी श्वास ऐकू आला. गुडघ्याचा नव्हता. शेजारी महाराज उभे होते.

"चारही वाड्या झाल्या का रे?" महाराजांनी विचारलं.

"एक झाली, महाराज. माझं संक्रमण चाललंय."

"घटका भरली," महाराज जरा संकोचून म्हणाले. "आणि पहिला तूच दिसलास."

ह्यानंतर धावजी जो सुटला, तो सुटलाच. पहिल्या उडीत पळसाचे चारही बूट चार दिशांना गेले. पाऊल टाकावं की टाकू नये, हे त्याने गुडघ्याला विचारलं नाही. बाभळी, कातळ, ओढ्यातले गोटे, सगळ्यांवरून तो उघड्या पायांनी गेला. नोटीस वाचायला वेळ नव्हता, म्हणून त्याने तिन्ही वाड्यांत फक्त "आला, आला" एवढंच ओरडून सांगितलं. वाड्या रिकाम्या झाल्या. धावजी बिळाच्या एका दारातून आत शिरला, दुसऱ्यातून बाहेर पडला, पुन्हा आत शिरला. शेवटी सगुणाने त्याचा कान धरला तेव्हा थांबला.

सगळे वाचले. महाराज हात हलवत मागे फिरले आणि सगळं जंगल टेकाडावर गोळा झालं. असं पळणं कोणी पाहिलं नव्हतं. रानडुकराने अर्धी शेपटी हलवून विचारलं, की धावजीराव, हे तुम्हाला जमलं कसं?

सगुणाने नवऱ्याकडे पाहिलं. वाघ मागे होता म्हणून, असं सांगून त्याने मोकळं व्हायचं होतं. बस एवढंच. पण खाली सगळे पळसाचे बूट घालून, माना वर करून बघत होते.

"अडतीस दिवसांची साधना," धावजी म्हणाला. "अजून दोन बाकी आहेत."

टाळ्या झाल्या. टेकाडाखाली करवंदीच्या जाळीआड महाराज उपाशीपोटी बसले होते, त्यांनीही हे ऐकलं. एवढासा ससा आपल्या हातून निसटला ह्याचं त्यांना मनस्वी वाईट वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते धामणबाईंच्या वर्गात हजर झाले.

राजाला बुटांची सक्ती नव्हती, त्यामुळे महाराज जन्मापासून अनवाणीच होते. बाईंना हे अवघड वाटलं. बूट काढायचे तर आधी ते पायांत असायला हवेत, असं त्या म्हणाल्या. महाराजांना ते कायदेशीर वाटलं. साळोजीने त्यांच्या इतमामाला शोभतील असे सागाच्या फळीचे चार बूट करून दिले. रोज वर्गात काढायचे तर वर्गाबाहेर ते घालायलाच हवेत, असा महाराजांनी नियमच केला.

तेव्हापासून महाराज गुहेतून निघाले की खाड खाड आवाज थेट कातळावरच्या वाडीपर्यंत यायचा. कोणी घाई करत नसे. हातातलं काम उरकायचं, पोराबाळांना हाक मारायची आणि सावकाश लपायचं. नोटिशीची गरज उरली नाही. मग जासुदाचीही उरली नाही. सभेने धावजीचे आभार मानणारं वडाचं पान दिलं, त्यावर पंजासुद्धा होता, आणि बीळ खाली करायला सांगितलं.

बीळ कोणाला द्यायचं ह्यावर फार वाद झाला नाही. ज्यांच्या शिकवणुकीने जंगल वाचलं, त्या धामणबाई अजून जागा शोधत होत्या. त्या संध्याकाळी त्या एका दाराने आत शिरल्या आणि वेटोळं घालून बसल्या.

सगुणा अकरा पिल्लं घेऊन टाकळ्याच्या झुडपाखाली राहायला गेली. तिसऱ्या दिवशी पाऊस आला. ती म्हणाली, आता सगळं गेलंच आहे, तर वर्गाचे ते उरलेले दोन दिवस तरी पुरे करून या.

धावजी भिजत टेकाडावर गेला. वर्ग आता आत भरत होता. त्याच्या दोन दारांच्या बिळाबाहेर एक पाटी लावली होती. 'पादत्राणे बाहेर काढून आत यावे.'

धावजीने साळोजीकडून पुन्हा घेतलेले पळसाचे बूट काढले, दाराशी नीट ओळीत ठेवले आणि आपल्याच बिळाबाहेर रांगेत उभा राहिला.

तात्पर्य: बाळांनो, पायांबद्दल काही शिकायचं असेल तर ज्याला पाय नाहीत त्याच्याकडेच जावं. पाय असलेले सदा कुठेतरी धावत असतात, त्यांना शिकवायला वेळ कुठला? फक्त जाताना आपल्याला राहायला जागा आहे, हे बोलून दाखवू नये.